रानाच्या दरवळाचा इतिहास

अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत आलों त्या जिल्ह्याच्या, पश्चिम टोंकाला अकोलें तालुका आहे. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड हीं शिखरें याच तालुक्याच्या सीमेवर उभीं आहेत. पूर्वेकडील पठारावरून पाहिलें म्हणजे दूरचीं हीं शिखरें हिरवीं दिसत नाहींत, निळीं दिसतात. येथल्या रानांतून निघणाऱ्या मालाचा हिशेब ठेवण्याची रीत जुनी आहे. हिरडा गोळा होतो, वाळतो, तागडींत पडतो आणि त्याला भाव येतो. मधाचें व शिकेकाईचेंही तसेंच. परंतु याच रानांतून रोज एक असा माल बाहेर पडतो, कीं त्याचें वजन कोणी करीत नाहीं आणि त्याला गिऱ्हाईकही नाहीं. तो माल म्हणजे झाडांचा दरवळ.

दरवळ हा शब्द काव्यांतला वाटेल. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तो एक पदार्थ आहे. कार्बन व हायड्रोजन यांच्या, आणि कांहीं वेळां ऑक्सिजनच्याही अणूंनीं बनलेला, सहज उडून जाणारा असा हा पदार्थ वनस्पति अहोरात्र हवेंत सोडीत असतात. जगांतील साऱ्या वनस्पति मिळून वर्षाला त्याचें किती उत्सर्जन करतात याचा एक अंदाज १९९५ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. तो केवळ कार्बनच्या वजनानें सुमारें ११५ कोटी टनांचा होता. मोटारी, कारखाने आणि तेलाच्या विहिरी मिळून या जातीचीं जीं द्रव्यें हवेंत सोडतात, त्यांच्या कित्येक पट हा आंकडा आहे.

एवढा मोठा साठा हवेंत येतो कोठून? पानांतून, खोडांतून, कीं जमिनींतून? दिवसां कीं रात्रीं? या प्रश्नांचीं सर्वांत बारकाईचीं उत्तरें उत्तर ध्रुवाजवळच्या देशांतील सूचिपर्णी अरण्यांत मिळालीं. तेथपर्यंत पोंचण्यास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि मध्यंतरीं अर्धवट उत्तराच्या आधारावर झाडांवरच हवा बिघडविल्याचा आरोप आला. ज्या जिल्ह्यांत हिवरे बाजारसारख्या गांवानें कुऱ्हाडबंदी पाळून उघड्या टेकड्या पुन्हां हिरव्या केल्या, त्या जिल्ह्याच्या रहिवाशांना तरी हा आरोप खरा कीं खोटा हें कळलें पाहिजे. म्हणून आज या शोधाचा इतिहास आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

वास हा पदार्थ आहे, हें ज्ञान प्रथम प्रयोगशाळेंतून आलें नाहीं. भट्टीवाल्यांना तें फार पूर्वींपासून होतें. आपल्या खानदेशाचेंच उदाहरण घ्या. तेथील डोंगराळ भागांत रोशा नांवाचें सुवासिक गवत उगवतें. कांहीं ठिकाणीं त्याला तिखाडी असेंही म्हणतात. गवत फुलावर आलें म्हणजे ओढ्यांच्या कांठीं भट्ट्या लागत. मोठ्या हंड्यांत गवत व पाणी घालावयाचें, झांकण लिंपून टाकावयाचें, बांबूच्या नळींतून वाफ दुसऱ्या भांड्यांत न्यावयाची आणि तें भांडें ओढ्याच्या थंड पाण्यांत ठेवावयाचें, अशी ती रीत होती. वाफ निवे, पाणी खालीं राही आणि तेल वर तरंगे. हें तेल एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राकडे आणि तेथून तुर्कस्थानापर्यंत जाई. तेथें तें गुलाबाच्या महागड्या अत्तरांत मिसळलें जाई. युरोपांतील व्यापाऱ्यांनीं तर त्याचें नांवच तुर्की जिरेनियम तेल असें ठेवलें. गवत खानदेशचें, कष्ट खानदेशच्या माणसांचे, आणि नांव मात्र तुर्कस्थानचें, असा हा व्यवहार होता!

या भट्टीवाल्यांना रसायनशास्त्र अवगत नव्हतें; परंतु गवताचा वास गवतापासून वेगळा करतां येतो आणि वेगळा केलेला वास तराजूंत तोलतां येतो, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. भट्टींत न पडलेल्या गवतांतून रोज वाऱ्यावर किती तेल उडून जातें, याची चौकशी करण्याचें त्यांना प्रयोजन नव्हतें. नवल हें, कीं पुढें पुष्कळ वर्षें शास्त्रज्ञांनींही ती चौकशी केली नाहीं. जें बाटलींत आलें त्याचा अभ्यास झाला. जें हवेंत गेलें तें गेलें.

बाटलींतल्या मालाचा अभ्यास मात्र मोठ्या निष्ठेनें झाला. जर्मनींत बॉन येथें केकुले या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत एका कपाटांत सुगंधी तेलांच्या बाटल्या वर्षानुवर्षें न उघडतां पडून होत्या. त्यांचे सहकारी ओटो वालाख यांनीं त्या उघडल्या आणि आपलें आयुष्य त्यांतील द्रव्यें वेगळीं करण्यांत घालविलें. १९१० सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें तें याच कामाबद्दल. या द्रव्यांच्या कुळाला टर्पीन असें नांव आहे. त्यांची रचना घराच्या भिंतीसारखी आहे. पांच कार्बन अणूंची एक वीट कल्पावी. तिला आयसोप्रीन म्हणतात. दोन विटा जोडल्या म्हणजे दहा कार्बनचें मोनोटर्पीन होतें, आणि तीन जोडल्या म्हणजे पंधरा कार्बनचें सेस्क्विटर्पीन होतें. टर्पेंटाइनमधील पायनीन, संत्र्याच्या सालींतील लिमोनीन आणि आपल्या रोशाच्या तेलांतील जिरेनिऑल हीं सारीं दोन विटांच्या घराण्यांतलीं भावंडें होत. वीट लहान तितकी ती लौकर उडते. एकटी वीट, म्हणजे आयसोप्रीन, इतकी चपळ कीं ती बाटलींत सांपडणेंच कठीण. हा चपळपणा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

या शास्त्राच्या इतिहासांत भारताचें एक स्वतंत्र पान आहे. जॉन सायमन्सन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९१० सालीं मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक म्हणून आले आणि पुढें डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेंत रसायनशास्त्राच्या शाखेचे प्रमुख झाले. हिमालयाच्या उतारावर चीड वृक्षांना खांचा पाडून राळ काढतात व तिच्यापासून टर्पेंटाइन करतात. या टर्पेंटाइनचा अभ्यास करीत असतां १९२० च्या सुमारास सायमन्सन यांना त्यांत एक नवें मोनोटर्पीन आढळलें. त्यास केरीन हें नांव मिळालें. त्याच तेलांत तीन विटांचें एक द्रव्यही मिळालें. चीड वृक्षाचें तेव्हांचें शास्त्रीय नांव पायनस लाँगिफोलिया, म्हणून त्या द्रव्याचें नांव लाँगिफोलीन पडलें. त्याच्या विलक्षण गुंतागुंतीच्या रचनेनें पुढें अनेक पंडितांना झुंजविलें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं उघडली, तेथें डॉ. सुखदेव यांनीं लाँगिफोलीनचा आणि भारतीय वनस्पतींतील इतर टर्पीनांचा जो अभ्यास केला, त्यामुळें पुण्याचें नांव या शास्त्रांत जगभर झालें. हिमालयाच्या राळेंत सांपडलेलें केरीन उत्तर युरोपच्या अरण्यांवरील हवेंतही भरून राहिलेलें आहे, हें मात्र सायमन्सन यांच्या काळीं कोणाच्या ध्यानीं आलेलें नव्हतें. तें कसें कळलें, तें आतां पाहूं.

बाटलीकडून आकाशाकडे लक्ष वळविणारा पहिला धागा इंग्लंडांत मिळतो. जॉन टिंडल यांनीं १८६८ च्या सुमारास एका लांब कांचेच्या नळींत कांहीं सेंद्रिय द्रव्यांची वाफ भरली आणि तींतून प्रखर प्रकाशाचा झोत सोडला. वाफ अगदीं स्वच्छ व अदृश्य होती. परंतु प्रकाश पडतांच थोड्या वेळांत नळींत एक सुंदर निळा ढग तयार झाला. प्रकाशानें वाफेचें विघटन होऊन अतिसूक्ष्म कण बनले होते आणि ते कण निळा प्रकाश अधिक विखुरीत होते. उडून जाणारें द्रव्य सूर्यप्रकाशांत कणांचें रूप घेतें, ही गोष्ट या प्रयोगानें दाखविली. पण रानांतही हेंच चाललें असेल, हें म्हणण्यास आणखी नव्वद वर्षें जावयाचीं होतीं.

दुसरा धागा अमेरिकेंतला. १९४३ च्या उन्हाळ्यांत लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारें एक धुरकट पटल पसरलें, आणि पुढें तें वारंवार येऊं लागलें. त्याचें कारण शोधून काढलें तें अरी हागेन-श्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञानें. गृहस्थ मूळचे वनस्पतींच्या सुवासाचे अभ्यासक. अननसाचा स्वाद कोणत्या द्रव्यांनीं बनतो हें शोधण्यांत ते गुंतले होते. तीच हातोटी त्यांनीं शहराच्या हवेला लावली आणि १९५२ पर्यंत सिद्ध केलें, कीं मोटारींतून व तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निघणारीं हायड्रोकार्बनें, त्याच धुरांतील नायट्रोजनचीं ऑक्साइडें आणि सूर्यप्रकाश या तिघांच्या संयोगानें ओझोन तयार होतो व हवा विषारी बनते. ही त्रयी आपण ध्यानांत ठेवावी. तिघांपैकीं एक जरी उणें पडलें, तरी पाक जमत नाहीं.

हागेन-श्मिट यांचे एक स्नेही व सहकारी होते फ्रिट्स वेन्ट. हे वनस्पतिशास्त्रज्ञ. शहराच्या हवेंत जें घडतें तें रानाच्या हवेंत कां घडूं नये, असा प्रश्न त्यांनीं विचारला. १९६० सालीं त्यांनीं ‘नेचर’ या नियतकालिकांत निबंध लिहून असें मत मांडलें, कीं दूरच्या डोंगरांवर उन्हाळ्यांत दिसणारें निळें धुकें हें पाण्याचें नव्हे व धुळीचेंही नव्हे. झाडांतून निघालेल्या टर्पीनांपासून सूर्यप्रकाशांत बनलेल्या सूक्ष्म कणांचें तें पटल आहे. वनस्पति वर्षाला सुमारें साडेसतरा कोटी टन असे पदार्थ हवेंत सोडीत असाव्यात, असा अंदाजही त्यांनीं केला. तेव्हां हा आंकडा अतिशयोक्तीचा वाटला. आज तो फारच भित्रा ठरला आहे. डोंगराच्या निळाईचें सारें श्रेय टर्पीनांना देतां येत नाहीं, कारण स्वच्छ हवेचे रेणूही निळा प्रकाश विखुरतातच. परंतु त्या निळाईंत झाडांचा हात आहे, हें वेन्ट यांचें म्हणणें टिकलें.

याच सुमारास, वेन्ट यांच्यापासून हजारों मैल दूर जॉर्जियाच्या तिबिलिसी शहरांत, सानाद्झे या वनस्पतिशास्त्रज्ञाला पानांतून निघणाऱ्या हवेंत एक अनपेक्षित पाहुणा भेटला होता. १९५७ सालीं त्यांनीं दाखविलें, कीं कांहीं झाडांचीं पानें प्रत्यक्ष आयसोप्रीन सोडतात. पुढें वेन्ट यांचे शिष्य रास्मुसेन यांनीं अमेरिकेंत तेंच पाहिलें. टर्पीनांची जी वीट प्रयोगशाळेंत रबर तापवून मिळे, ती जिवंत पान रोज उघड्यावर उधळतें, ही गोष्ट नवी होती. तिला गंध असा फारसा नाहीं, आणि पान तिचा सांठाही करीत नाहीं. म्हणूनच भट्टीवाल्यालाही ती कधीं सांपडली नव्हती. आज आपण जाणतों, कीं वनस्पतींच्या एकूण उत्सर्जनांत सर्वांत मोठा वाटा हिचाच आहे. १९९५ च्या अंदाजांत आयसोप्रीन ४४ टक्के होतें, आणि ज्यांचा वास आपल्याला येतो तीं मोनोटर्पीनें अवघीं ११ टक्के होतीं.

येथवरचा इतिहास प्रयोगशाळेंतला होता; आतां तो राजकारणांत शिरला. १९८० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकींत रोनाल्ड रेगन यांनीं प्रतिपादन केलें, कीं हवेंतील हायड्रोकार्बनांच्या प्रदूषणाचा फार मोठा भाग झाडांकडून येतो. तेव्हां कारखान्यांवर कडक निर्बंध लादण्यांत अर्थ काय? त्यांच्या सभेच्या वाटेवर विद्यार्थ्यांनीं एका झाडावर, मी पुन्हां खून करण्यापूर्वीं मला तोडा, अशा अर्थाची पाटी लटकविली. हशा पुष्कळ झाला. पण हंसण्यानें आंकडे खोटे ठरत नाहींत. झाडांचें उत्सर्जन खरोखरच मोठें होतें. मग चूक कोठें होती?

तिचें उत्तर १९८८ सालीं अटलांटा शहराच्या अभ्यासानें मिळालें. अटलांटा भोंवतालीं व आंत झाडांची गर्दी असलेलें शहर. तेथें मोटारींच्या व कारखान्यांच्या हायड्रोकार्बनांवर निर्बंध घातले तरी ओझोन अपेक्षेप्रमाणें उतरेना. शामेडीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं झाडांचीं हायड्रोकार्बनें तेथें मुबलक असल्यानें केवळ माणसांचीं हायड्रोकार्बनें कमी करून भागणार नाहीं. कमी केलीं पाहिजेत तीं नायट्रोजनचीं ऑक्साइडें, आणि शहरांत तीं बहुतेक सारीं येतात ज्वलनांतून, म्हणजे मोटारींच्या व विजेच्या कारखान्यांच्या धुरांतून. टाळी एका हातानें वाजत नाहीं. झाड आपला हात लक्षावधि वर्षें हलवीत आलें आहे. दुसरा हात आपण पुढें केला तेव्हां टाळी वाजली. रेगन यांचा आंकडा चुकला नव्हता, निष्कर्ष चुकला होता. झाडांचा वांटा मोठा, म्हणून माणसाची जबाबदारी कमी, असें नसून ती अधिकच वाढते, असा या आंकड्याचा खरा अर्थ आहे.

या वादामुळें एक गोष्ट स्पष्ट झाली. झाडें किती सोडतात एवढें कळून पुरत नाहीं. काय, कोठून आणि केव्हां सोडतात हें कळलें पाहिजे. त्यासाठीं निरीक्षणाला असें अरण्य हवें, कीं जेथें कारखान्यांचा धूर थोडा, झाडांच्या जाती मोजक्या आणि ऋतूंचा फरक ठळक. उत्तरेकडील अरण्यें नेमकीं तशीं आहेत. नॉर्वेपासून सैबेरियापर्यंत आणि पुढें अलास्का व कॅनडापर्यंत पाइन, स्प्रूस, लार्च आणि बर्च या थोड्याच वृक्षांचा पट्टा पृथ्वीच्या माथ्याभोंवतीं गुंडाळलेला आहे. फिनलंडमध्यें ह्यूतिआला येथें १९६२ सालीं पेरलेल्या पाइनच्या रानांत हेलसिंकी विद्यापीठानें १९९५ पासून एक निरीक्षणकेंद्र चालविलें आहे. झाडांच्या शेंड्यांच्या वर जाणारा मनोरा, फांद्यांवर बसविलेल्या पारदर्शक पेट्या, जमिनीवर पालथ्या घातलेल्या पेट्या, अशी तेथील सामग्री. फांदीची हवा निराळी, खोडाची निराळी आणि जमिनीची निराळी मोजावयाची, अशी ही सरळ युक्ति आहे.

या युक्तीनें जें कळलें तें थोडक्यांत सांगतों. पहिला उगम अर्थात् पाइनचीं सुयांसारखीं पानें. त्यांच्यांत राळेच्या नलिका असतात, आणि त्यांत मोनोटर्पीनांचा सांठा असतो. ऊन वाढलें कीं सांठ्यांतील द्रव्य अधिक उडतें. रात्रीं थंडीनें कमी होतें, पण थांबत नाहीं. पुष्कळ काळ अशी समजूत होती, कीं सूचिपर्णी वृक्षांचें सारें उत्सर्जन या कोठारांतूनच होतें. १९१० च्या वालाखांपासून नेमकीं शंभर वर्षांनीं, २०१० सालीं, ती समजूत एका सुंदर प्रयोगानें सुधारली. झाडांना खुणेचा, म्हणजे किंचित् जड अशा कार्बनचा, कार्बन डायऑक्साइड खाऊं घातला आणि तो कार्बन बाहेर पडणाऱ्या टर्पीनांत किती उतरतो हें पाहिलें. पाइनच्या उत्सर्जनांत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५८ टक्के भाग, त्याच वेळीं प्रकाशांत बनविलेला निघाला; स्प्रूसमध्यें हा भाग सुमारें एक तृतीयांश होता, आणि राळेच्या नलिकाच नसलेल्या बर्चमध्यें तो पुरा शंभर टक्के होता. म्हणजे झाड कोठारांतून खर्च करतें तसें रोजच्या कमाईंतूनही खर्च करतें.

दुसरी गोष्ट आणखी मनोरंजक आहे. एकाच रानांत, एकाच जातीचीं, एकाच वयाचीं पाइनचीं झाडें शेजारीं शेजारीं उभीं असतां कांहींचा दरवळ मुख्यतः पायनीनचा असतो, तर कांहींचा केरीनचा. सायमन्सन यांना हिमालयांतील चिडाच्या राळेंत मिळालेलें तेंच हें केरीन! झाडांच्या रक्तांतच हा भेद असतो. त्यामुळें एका झाडाचें माप घेऊन तें साऱ्या अरण्याला लावणें धोक्याचें ठरतें.

तिसरा उगम म्हणजे जमीन. गळून पडलेलीं पानें कुजतांना टर्पीनें सोडतात. मुळें आणि बुरशीही सोडतात. फिनलंडांत बर्फ वितळल्यावर वसंतांत आणि पुन्हां पानगळीच्या वेळीं शरदांत जमिनीवरचें हें उत्सर्जन विशेष वाढलेलें आढळलें. दलदलींतील शेवाळ तर आयसोप्रीनही देतें. चौथा उगम म्हणजे जखमा. फांदी मोडली, किडीनें साल पोखरली किंवा करवत चालली, कीं राळ उघडी पडते आणि दरवळ एकाएकीं वाढतो. राळ हें झाडाचें मूळचें शस्त्रच आहे.

जमिनीच्या वासाचा विषय निघाला म्हणून आपल्या परिचयाच्या एका गोष्टीचा येथेंच उल्लेख करतों. नगरच्या पठारावर चार महिने तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला म्हणजे जो सुगंध उठतो, त्याचा उलगडा १९६४ सालीं बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनीं केला. कोरड्या ऋतूंत वनस्पतींपासून निघालेलीं द्रव्यें खडक व माती शोषून घेतात आणि ओल येतांच तीं बाहेर पडतात, असें त्यांनीं दाखविलें. मातींतील सूक्ष्म जीवांनीं बनविलेलें जिऑस्मिन हें द्रव्यही त्यांत असतें. कनोजच्या अत्तरवाल्यांनीं मात्र भाजलेल्या मातीचें हें अत्तर शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीं कुपींत भरलें होतें. भट्टीवाला येथेंही पुढेंच!

हवेंत गेलेल्या दरवळाचें पुढें काय होतें, हा या कथेचा शेवटचा भाग. पायनीनची ओझोनशीं गांठ पडली म्हणजे त्याच्या रेणूला भराभर ऑक्सिजन चिकटत जातो आणि तो इतका जड होतो कीं त्याला उडतां येत नाहीं. तो जवळच्या कणावर बसतो. हें २०१४ सालीं फिनलंड व जर्मनींतील संशोधकांनीं दाखवून दिलें. २०१६ सालीं जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेंतील प्रयोगांत असें दिसलें, कीं गंधकाम्लाची मदत नसतांही केवळ झाडांच्या या द्रव्यांपासून नवे कण जन्मूं शकतात. असे कण पुरेसे वाढले म्हणजे त्यांच्यावर पाण्याची वाफ जमते व ढगांचे थेंब बनतात. टिंडल यांच्या नळींतला निळा ढग आणि अरण्यावरचा पांढरा ढग यांच्यांत असें नातें आहे. कारखान्यांच्या धुराच्या आधींच्या युगांत ढगांना बीज पुरविणाऱ्यांत अरण्येंही होतीं, असें यावरून मानण्यास जागा झाली.

आतां उत्तरेंतून पुन्हां सह्याद्रीकडे येऊं. तेथलें सारेंच येथें लागू पडतें असें नाहीं. आपलीं रानें रुंद पानांचीं. त्यांत राळेच्या कोठारांपेक्षां रोजच्या कमाईवर चालणारीं झाडें अधिक. अशा रानांत आयसोप्रीनचें महत्त्व वाढतें, आणि त्याचा सांठा नसल्यामुळें तें प्रकाशाबरोबर चालतें: सकाळीं सुरू होतें, भर दुपारीं कळसाला पोंचतें, आणि अंधार पडतांच थांबतें. कडक उन्हांत पानाला ताप सोसण्यास याच द्रव्याची मदत होते, असें दिसून आलें आहे. वड-पिंपळाच्या कुळांतील अनेक झाडें, बांबू आणि निलगिरी हीं आयसोप्रीन सोडणाऱ्यांत मोडतात. निलगिरी तर वर मोनोटर्पीनेंही देते, तें तिचा वासच सांगतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांतील सिंग व वार्ष्णेय यांनीं भारतीय झाडांच्या आयसोप्रीनचीं मापें घेऊन २००३ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि झाडाझाडांत यासंबंधीं फार मोठें अंतर आहे हें दाखविलें. ढगांच्या बाजूचा अभ्यास महाराष्ट्रांतच सुरू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१२ सालीं महाबळेश्वर येथें, सुमारें १३५० मीटर उंचीवर, ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा स्थापन केली. पावसाळ्यांत ढग जेथें खिडकींतून आंत येतात, त्या जागीं ढगांचे थेंब आणि हवेंतले कण शेजारीं शेजारीं मोजतां येऊं लागले.

अकोलें तालुक्यांतील रानाला १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दर्जा मिळाला. मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरांत काजवे पाहण्यासाठीं शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. रानाचा दरवळ त्या दिवसांतही येतोच. परंतु गाड्यांच्या धुराबरोबर त्रयींतलें तिसरें द्रव्य आपण रानाच्या दारांत नेऊन ठेवतों. झाडांना तें लागत नाहीं, काजव्यांनाही लागत नाहीं. तें आणणारे आपणच.

या इतिहासांतून निघणारें तात्पर्य दोन वाक्यांचें आहे. झाडें हवेंत पुष्कळ कांहीं सोडतात, ही गोष्ट खरी आहे. ती लपविण्याचें कारण नाहीं, कारण लपविलेली खरी गोष्ट एखाद्या दिवशीं चुकीच्या माणसाच्या हातीं शस्त्र म्हणून लागते. पण त्या द्रव्यांचें विष व्हावें कीं ढग व्हावा, हें बऱ्याच अंशीं त्यांत आपण काय मिसळतों यावर अवलंबून आहे. म्हणून नगरच्या रस्त्याच्या कडेला झाड लावतांना तें कोणत्या जातीचें असावें याचा विचार अवश्य करावा. धुराड्यांच्या गर्दींत निलगिरीची रांग उभी करण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. परंतु झाड लावूं नये, असा सल्ला या शास्त्रानें कधींच दिलेला नाहीं. हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं कुऱ्हाड दूर ठेवली, तेव्हां त्यांना पाणी हवें होतें, चारा हवा होता. आयसोप्रीनचा हिशेब त्यांच्यापुढें नव्हता. तो हिशेब आज आपल्यापुढें आहे, आणि पुरा मांडून पाहिला तरी त्यांचा निर्णय बरोबरच ठरतो.